तरुण मिडफिल्डर परदेशी क्लबात जातो तेव्हा नेमके काय घडते?

युरोपातील फुटबॉलचा हंगाम संपला की जून ते ऑगस्ट या काळात आणि पुन्हा जानेवारीत क्लबबदलाच्या बातम्यांचा पूर येतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या एखाद्या मिडफिल्डरला, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूला, कोट्यवधी युरो मोजून मोठ्या क्लबाने घेतल्याचे वाचावे, नाव लक्षात ठेवावे, आणि पुढच्या मोसमात तोच मुलगा तिसऱ्याच देशातल्या एखाद्या छोट्या क्लबाकडून खेळताना दिसावा, हा अनुभव फुटबॉल अधूनमधून पाहणाऱ्यांनाही परिचयाचा आहे. तो अपयशी ठरला का, क्लबाने त्याला टाकून दिले का, आणि दुसऱ्याकडेच खेळवायचे होते तर एवढी रक्कम कशासाठी मोजली, असे प्रश्न मग पडतात. त्यांची उत्तरे मैदानापेक्षा कागदपत्रांत अधिक सापडतात. ती समजून घेताना एक गोष्ट मात्र धरून ठेवावी: बातमीतली रक्कम क्लबांचा हिशेब सांगते, तर खेळाडूची कारकीर्द त्याने प्रत्यक्ष मैदानावर घालवलेल्या मिनिटांवरून कळते.

करार वेगळा, नोंदणी वेगळी

खेळाडू ‘विकला’ असे आपण सहज म्हणतो, पण त्याचे क्लबाशी असलेले नाते ठरावीक मुदतीच्या नोकरीचे असते. ती मुदत संपण्याआधी दुसऱ्या क्लबाला तो हवा असेल, तर पहिल्या क्लबाने उरलेल्या मुदतीवरचा हक्क सोडावा म्हणून मोबदला द्यावा लागतो. बातम्यांमध्ये जिला ट्रान्सफर फी म्हणतात, ती हीच. मुदत पूर्ण संपली असेल तर ही फी लागत नाही. बेल्जियमचा खेळाडू ज्याँ-मार्क बोस्मन याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी हे तत्त्व युरोपीय संघापुरते पक्के केले. कराराचे शेवटचे सहा महिने उरले असताना खेळाडूला दुसऱ्या क्लबाशी पुढचा करार करता येतो, तोही याच विचाराला धरून.

करारावर सही झाली तरी मैदानात उतरण्यासाठी नव्या देशाच्या फुटबॉल संघटनेकडे नोंदणी व्हावी लागते, आणि त्यासाठी जुन्या देशाच्या संघटनेने आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र द्यावे लागते. २०१० च्या ऑक्टोबरपासून हा व्यवहार फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या संगणकीय प्रणालीतून करणे बंधनकारक आहे. दोन्ही क्लबांनी भरलेला तपशील जुळला पाहिजे आणि तो ट्रान्सफर विंडो, म्हणजे नोंदणीसाठी ठरवून दिलेला काळ, बंद होण्याआधी पोचला पाहिजे. पोर्तुगालचा मिडफिल्डर आद्रियेन सिल्वा याला २०१७ च्या ऑगस्टअखेरीस इंग्लंडच्या लेस्टर सिटीने घेतले, परंतु कागदपत्रे मुदतीनंतर अवघ्या १४ सेकंदांनी दाखल झाली. फिफाने नोंदणी नाकारली. लिस्बनचा जुना क्लब सुटला होता आणि नव्या क्लबाकडून खेळता येत नव्हते, अशा स्थितीत पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघातला हा खेळाडू २०१८ च्या जानेवारीपर्यंत नुसता सराव करत राहिला. लेस्टरमध्ये त्याने १४ क्रमांकाची जर्सी घेतली, हा विनोद निदान त्याला तरी सुचला.

अठराव्या वर्षाची वेस

फिफाच्या खेळाडू-हस्तांतरण नियमावलीतील एकोणिसावे कलम सांगते की अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी खेळाडूला देश ओलांडून क्लब बदलता येत नाही. याला मोजके अपवाद आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी स्थलांतरित झाले असतील, तर मुलाची नोंदणी होऊ शकते. घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील, तरीही होऊ शकते. युरोपीय संघ आणि युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या आत सोळा ते अठरा या वयातील खेळाडूला जाता येते, मात्र त्याच्या शिक्षणाची आणि राहण्याची जबाबदारी नव्या क्लबाने घ्यावी लागते.

नॉर्वेचा मार्टिन ओडेगार्ड २०१५ च्या जानेवारीत, सोळा पूर्ण होऊन जेमतेम महिना झालेला असताना, रेआल माद्रिदला जाऊ शकला तो याच तिसऱ्या अपवादामुळे. नॉर्वे युरोपीय संघात नसले तरी आर्थिक क्षेत्रात आहे. इंग्लंडचा ज्यूड बेलिंगहॅम २०२० च्या जुलैमध्ये सतराव्या वर्षी बर्मिंगहॅम सिटीतून जर्मनीच्या बोरुसिया डॉर्टमुंडकडे गेला, तेव्हा ब्रेक्झिटनंतरचा संक्रमणकाळ सुरू होता, म्हणजे ब्रिटनला युरोपीय संघाचे नियम अजून लागू होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी तो संपला आणि हे दार सामान्यतः बंद झाले. बेलिंगहॅम दीड-दोन वर्षांनी उशिरा जन्मला असता, तर त्याच्या कारकिर्दीची वाट बहुधा वेगळी झाली असती.

पण लवकर गेले तर लवकर शिकणार नाही का?

हा आक्षेप रास्त आहे. परभाषा आणि परकी खेळपद्धती लहानपणी लवकर अंगवळणी पडते, शिवाय बार्सिलोनासारख्या क्लबाच्या अकादमीत मिळणारे प्रशिक्षण बहुतेक देशांत उपलब्धच नाही. तरीही नियम कडक आहे, कारण यशस्वी झालेल्या एका मुलामागे घर, शाळा आणि देश सोडून गेलेली आणि दोन-तीन वर्षांनी क्लबाने परत पाठवलेली अनेक मुले असतात. त्यांची नावे कुठेच छापून येत नाहीत.

नियमाचा फटका मात्र कधी कधी मुलालाच बसतो. जपानचा ताकेफुसा कुबो २०११ मध्ये दहाव्या वर्षी बार्सिलोनाच्या अकादमीत दाखल झाला. २०१४ मध्ये फिफाने अल्पवयीन परदेशी मुलांच्या नोंदणीत नियमभंग केल्याबद्दल बार्सिलोनावर दोन ट्रान्सफर विंडोंची बंदी घातली. अपील फेटाळले गेल्यावर क्लबाला २०१५ चे संपूर्ण वर्ष नव्या खेळाडूंची नोंदणी करता आली नाही. क्लब मोठा होता, त्याने ते वर्ष निभावून नेले. मुलांना मात्र अधिकृत सामने खेळता येईनात, आणि कुबो २०१५ मध्ये जपानला परतून एफसी टोकियोच्या युवा संघात दाखल झाला. बार्सिलोनाने घडवायला घेतलेला हा मुलगा २०१९ च्या जूनमध्ये, अठरा वर्षांचा होताच, त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्धी रेआल माद्रिदकडे गेला. माझ्या मते शिक्षा योग्यच होती, फक्त तिचा भार ज्याने चूक केली त्याच्यापेक्षा ज्याच्यासाठी नियम केला त्याच्यावर अधिक पडला.

मिडफिल्डरचेच काय वेगळे?

मैदानाच्या कडेने धावणारा वेगवान विंगर नव्या संघात पहिल्याच आठवड्यात चमकू शकतो, कारण चेंडू मिळाल्यावर समोरच्या बचावपटूला चकवणे हे बऱ्याच अंशी त्याच्या एकट्याचे काम असते. मधल्या फळीतल्या खेळाडूचे तसे नसते. त्याला पाठीमागून चेंडू मिळतो, त्याच्याभोवती चहूबाजूंनी माणसे असतात, आणि चेंडू पायाशी येण्याआधीच पुढचा पास कुठे द्यायचा हे त्याला ठाऊक असावे लागते. चांगला मिडफिल्डर पास येण्याआधीच्या काही सेकंदांत वारंवार मान वळवून मागे-पुढे पाहत असतो. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे असल्याने हे सहसा दिसत नाही. पण मान वळवून जे दिसते त्याचा अर्थ लावायला सहकाऱ्यांच्या सवयी माहीत असाव्या लागतात: डावीकडचा बचावपटू कधी पुढे धावतो, स्ट्रायकर चेंडू पायात मागतो की मोकळ्या जागेत, प्रशिक्षकाला चेंडू गमावल्यावर लगेच दबाव हवा आहे की माघार. या सवयी सरावात अर्ध्याच कळतात, उरलेल्या सामन्याच्या ताणाखालीच उमगतात.

त्यात भाषेची भर पडते. मागून प्रतिस्पर्धी येत असल्याची सहकाऱ्याची हाक समजायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी चेंडू जातो. प्रशिक्षक बदलला तर संघाची रचनाच बदलते, आणि मधली फळी हा त्या रचनेचा कणा असल्याने पहिला धक्का तिथेच बसतो. म्हणून परदेशात गेलेल्या तरुण मिडफिल्डरला सर्वांत जास्त गरज असते ती सलग सामने खेळायला मिळण्याची.

लोन म्हणजे काय?

लोन हा शब्द बँकेमुळे कर्जाशी जोडला गेला असला, तरी फुटबॉलमधला व्यवहार घर भाड्याने देण्यासारखा आहे. मूळ क्लबाचा करार कायम राहतो. ठरलेल्या मुदतीसाठी दुसरा क्लब खेळाडूला वापरतो आणि बहुधा त्याच्या पगाराचा काही भाग उचलतो. मुदत संपली की मालकाकडे ताबा परत. भाडेकरू परक्या घरात मोठी डागडुजी करत नाही, तसेच लोनवर घेणारा क्लबही त्या खेळाडूच्या दूरच्या भविष्यावर फारसे कष्ट घेत नाही. त्याला या मोसमातले गुण हवे असतात.

ओडेगार्डची वाटचाल या व्यवहाराची चांगली-वाईट दोन्ही अंगे दाखवते. २३ मे २०१५ रोजी हेताफेविरुद्धच्या मोसमातल्या शेवटच्या लीग सामन्यात तो क्रिस्तियानो रोनाल्डोच्या जागी मैदानात उतरला आणि १६ वर्षे १५७ दिवसांच्या वयात रेआल माद्रिदचा सर्वांत लहान खेळाडू ठरला. छायाचित्रे जगभर छापली गेली. त्यानंतर बराच काळ तो दुसऱ्या संघात, कास्तियामध्ये, खेळत होता, पण सरावाला मुख्य संघाबरोबर. दोन्हीकडे असून तो कुठलाच नव्हता. मधल्या फळीतल्या खेळाडूला ज्या सवयी लागाव्या लागतात त्या लागायच्या कोणाबरोबर, हा प्रश्न तिथे अनुत्तरित राहिला. २०१७ च्या जानेवारीत तो नेदरलँड्सच्या हेरेनवीनकडे लोनवर गेला, नंतर त्याच देशातील व्हिटेसकडे, आणि २०१९-२० मध्ये स्पेनच्याच रेआल सोसिएदादकडे. तिथे त्याने एवढा चांगला खेळ केला की माद्रिदने त्याला परत बोलावले, आणि बोलावून पुन्हा बाकावर बसवले. २०२१ च्या जानेवारीत तो लोनवर आर्सेनलला गेला, ऑगस्टमध्ये तिथलाच झाला आणि २०२२ मध्ये कर्णधार झाला.

सात वर्षांपूर्वीचा कोवळा चमत्कार आणि तेविसाव्या वर्षीचा कर्णधार यांच्यामधली ही वर्षे बातम्यांत ‘वाया गेलेली’ म्हणून रंगवली जात होती. प्रत्यक्षात नेदरलँड्सच्या दोन क्लबांत त्याने जे नियमित सामने खेळले, त्यांतूनच पुढचा खेळाडू तयार झाला, असे मला वाटते. वाया काही गेले असेल तर ते त्याआधीचे, म्हणजे प्रसिद्धी सर्वाधिक आणि मिनिटे सर्वांत कमी असतानाचे दिवस.

लोनवर पाठवणे म्हणजे नाकारणेच नव्हे का?

कधी कधी होय. कुबो माद्रिदमध्ये तीन मोसम करारबद्ध होता. या काळात तो मायोर्का, व्हियारेआल, हेताफे आणि पुन्हा मायोर्का असा फिरला आणि माद्रिदच्या मुख्य संघाकडून एकही अधिकृत सामना न खेळता २०२२ मध्ये रेआल सोसिएदादकडे गेला, जिथे तो पक्का झाला. युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंसाठी स्पॅनिश लीगमध्ये प्रत्येक क्लबाला तीनच जागा असतात, ही अडचणही अशा खेळाडूंच्या वाटेत नेहमी असते. बेल्जियमचा केविन डी ब्रुयने इंग्लंडच्या चेल्सीकडून लीगचे तीनच सामने खेळला. मधल्या काळात जर्मनीच्या वेर्डर ब्रेमेनकडे लोनवर त्याने मोसम गाजवला होता, तरी चेल्सीने २०१४ च्या जानेवारीत त्याला वोल्फ्सबुर्गला देऊन टाकले. पुढे मँचेस्टर सिटीत तो जगातल्या उत्तम मिडफिल्डरांपैकी एक ठरला.

पण इक्वेडोरचा मोइसेस कायसेडो पाहा. इंग्लंडच्या ब्रायटनने त्याला २०२१ च्या फेब्रुवारीत घेतले, बेल्जियमच्या बेअरस्खोत क्लबात पाठवले, २०२२ च्या जानेवारीत परत आणले, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेल्सीने त्याच्यासाठी ११.५ कोटी पौंडांपर्यंतचा व्यवहार केला. पुढे जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला क्रोएशियाचा लुका मॉड्रिच अठराव्या वर्षी बोस्नियाच्या झ्रिन्यस्की मोस्तारकडे लोनवर होता. तेव्हा लोन झाल्याची बातमी एकटी काहीच सांगत नाही; तिथल्या प्रशिक्षकाला मधल्या फळीत त्याच्यासाठी जागा आहे का, एवढेच पाहावे.

मोठे क्लब साठेबाजी करतात, त्याचे काय?

करतात. एकेकाळी चेल्सीचे तीसहून अधिक खेळाडू एकाच वेळी लोनवर असत. त्यांतला एखादा चमकला तर ठेवायचा, उरलेले विकायचे, असा तो हिशेब होता. म्हणून जुलै २०२२ पासून फिफाने आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा आणली: पहिल्या मोसमात एका क्लबाने आठ खेळाडू पाठवावेत आणि आठ घ्यावेत, पुढच्या मोसमात सात, आणि जुलै २०२४ पासून सहा. लोनची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि लोनवर घेतलेला खेळाडू पुढे तिसऱ्याला देता येत नाही. क्लबाने स्वतः घडवलेल्या, एकवीस वर्षांपर्यंतच्या खेळाडूंना या संख्येतून सूट आहे, कारण त्यांना बाहेर खेळू दिले नाही तर ते राखीव संघातच अडकतील. या सवलतीचा हेतू चांगला आहे, पण मोठ्या अकादम्या असलेल्या क्लबांना त्यातून पळवाट मिळते हेही खरे.

ट्रान्सफर फीतून कोणाला किती मिळते?

खेळाडूला त्या फीतला वाटा आपोआप मिळत नाही. त्याचा पगार आणि सहीची रक्कम वेगळी ठरते. फीचा मोठा भाग सोडणाऱ्या क्लबाला जातो. मात्र मुदतीआधी देश बदलणाऱ्या प्रत्येक व्यवहारात फीच्या ५ टक्के रक्कम त्याला घडवणाऱ्या सर्व क्लबांमध्ये वाटावी लागते. बारा ते पंधरा या वयातील प्रत्येक मोसमासाठी एकूण फीच्या ०.२५ टक्के आणि सोळा ते तेवीस या वयातील प्रत्येक मोसमासाठी ०.५ टक्के, असे हे गणित आहे. समजा फी १ कोटी युरो आहे. मुलगा बाराव्यापासून पंधराव्या वर्षापर्यंतचे चारही मोसम ज्या छोट्या क्लबात होता, त्याला १ लाख युरो मिळतील. छोट्या क्लबाच्या दृष्टीने ही रक्कम मोठी असते, आणि पुढे तो पुन्हा विकला गेला तर पुन्हा मिळते. सहाव्यापासून अकराव्या वर्षापर्यंत ज्यांनी त्याला चेंडू थांबवायला शिकवले त्यांना या नियमातून काहीही मिळत नाही, ही मला त्यातली उणीव वाटते.

पूर्वी ही रक्कम मिळवण्यासाठी छोट्या क्लबांना दावे लावावे लागत, कित्येकांना आपला हक्क आहे हेच ठाऊक नसे. २०२२ च्या नोव्हेंबरपासून पॅरिसमधील फिफाचे क्लिअरिंग हाऊस खेळाडूच्या नोंदणीचा इतिहास पाहून ही वाटणी करू लागले आहे.

लांबलचक करार म्हणजे सुरक्षितता का?

फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालील खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा आणि इतरांशी पाच वर्षांपेक्षा मोठा करार करता येत नाही. अठरा पूर्ण झालेल्यांच्या बाबतीत देशाचा कायदा अधिक मुदत देत असेल तर ती चालते. अर्जेंटिनाचा एन्झो फर्नांडिस हा मिडफिल्डर पोर्तुगालच्या बेनफिकात अर्धा मोसम खेळून ३१ जानेवारी २०२३ रोजी सुमारे १२.१ कोटी युरोंना चेल्सीत आला, तेव्हा करार साडेआठ वर्षांचा, २०३१ पर्यंतचा होता. एवढ्या मुदतीचे कारण हिशेबाच्या वहीत आहे. फी एकदम खर्ची न टाकता कराराच्या वर्षांत विभागली जाते. साडेआठ वर्षांत विभागली की वर्षाला सुमारे १.४ कोटी, पाच वर्षांत विभागली की सुमारे २.४ कोटी. त्यामुळे क्लबाचा वार्षिक तोटा कमी दिसतो आणि आर्थिक नियमांत बसणे सोपे होते. युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने २०२३ च्या उन्हाळ्यात नव्या व्यवहारांसाठी ही विभागणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली. खेळाडूला अशा करारातून पगाराची हमी मिळते, परंतु खेळायला मिळेनासे झाले तर बाहेर पडणेही तितकेच अवघड होते, कारण त्याचा मोठा पगार उचलणारा आणि उरलेली फी भरून देणारा क्लब शोधावा लागतो.

आणि खेळाडूने करार मोडला तर?

अठ्ठाविसाव्या वर्षाआधी केलेल्या कराराची पहिली तीन वर्षे ‘संरक्षित काळ’ मानली जातात. त्या काळात योग्य कारणाशिवाय करार मोडणाऱ्या खेळाडूवर नुकसानभरपाईबरोबर चार महिन्यांची सामनाबंदीही येते. नवा क्लब त्या भरपाईला जबाबदार धरला जाई, त्यामुळे असा खेळाडू घ्यायला कोणी धजत नसे.

फ्रान्सचा मिडफिल्डर लासाना दियारा याला याचा पुरेपूर अनुभव आला. २०१४ मध्ये लोकोमोटिव्ह मॉस्कोशी त्याचे बिनसले, क्लबाने करार संपवला आणि त्याच्यावर १.०५ कोटी युरोंची भरपाई बसली. बेल्जियमचा शार्लरोआ क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण हस्तांतरण प्रमाणपत्र मिळेल आणि भरपाईचा बोजा आपल्यावर येणार नाही या अटींवर. तशी हमी मिळाली नाही आणि व्यवहार बारगळला. दियारा न्यायालयात गेला, आणि ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने फिफाचे यासंबंधीचे काही नियम कामगारांच्या मुक्त संचाराच्या आणि स्पर्धेच्या कायद्याशी विसंगत ठरवले. तोवर दियाराने खेळ सोडूनही बराच काळ लोटला होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये फिफाने अंतरिम नियम आणले: करारावरून वाद सुरू असला तरी आता प्रमाणपत्र अडवून ठेवता येत नाही, आणि नव्या क्लबाने खेळाडूला फूस लावली असा आरोप असेल तर तो आरोप करणाऱ्यानेच सिद्ध करावा लागतो.